सात नंबरचा पोर्ट कोणी बंद केला

हिंगोलीत डेटा सेंटर आहे म्हणलं की लोकं हसतात. माझा मेहुणा वाशीमचा. तो तर तोंडावर म्हणला, "दाजी, तुमच्याकडं एसटी टायमावर येईना, आन म्हणे डेटा सेंटर!" हसा, खुशाल हसा. गावाबाहेर गोदामांच्या मागं एक दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर थंडगार खोली, खोलीत सहा लोखंडी कपाटं. जिल्ह्यातल्या दवाखान्यांची, रक्तपेढीची, बियाण्याच्या कंपन्यांची माहिती या कपाटांतून ये-जा करते. मी माऊली. तिथल्या बॅटऱ्या, एसी आन जनरेटर माझ्याकडं. मला कॉम्प्युटरातलं काही कळत न्हाई, पण डोळे शाबूत आहेत. शिवकन्येचं जे झालं ते या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगून राहिलो. ऐकून तुमचं डोकं फिरलं न्हाई तर मला येऊन सांगा.

शिवकन्या कनेरगाव नाक्याच्या बाजूची. बाप पुंजाजी मेंढरं राखतो, थोडी शेती बी आहे. पोरगी रोज एसटीनं ये-जा करून हिंगोलीत डिप्लोमा शिकली आन सहा वर्षांमागं कंत्राटदारातर्फे आमच्याकडं लागली. पयल्या दिवशी गेटवरच्या माणसानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आन म्हणला, "झाडू मागच्या खोलीत आहे." तिनं गळ्यातलं कार्ड दाखवलं आन जिना चढून गेली. मी असतो तर त्याची तिथंच खरडपट्टी काढली असती. पण तिचा स्वभावच तसा, आवाज म्हणून चढवायचा न्हाई.

तिचं काम स्विचचं. स्विच म्हणलं की तुमाला बल्बचं बटण आठवेल. हे ते न्हाई. ही एक चपटी पेटी असती, तोंडाला अठ्ठेचाळीस भोकं, भोकाभोकात वायर, एकेका गिऱ्हाईकाची. भोकाला पोर्ट म्हणतात, इंटरफेस बी म्हणतात. दर पोर्टाला नाव असतं, ते बी आकड्यात. एक भागिले शून्य भागिले सात, असं काहीतरी. मी पयल्यांदा पाहिलं तर मला ते गणित वाटलं. शिवकन्या म्हणली, "काका, गणित न्हाई, पत्ता आहे त्यो. पयला आकडा पेटीचा, दुसरा पेटीतल्या पाटीचा, तिसरा भोकाचा. तालुका, गाव, घर." तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं.

आता एवढं सोपं ठेवलं तर कंपन्यांचं नाक कापलं जातं का काय कोण जाणे! एक कंपनी पोर्टाला अख्खं लांबलचक नाव देती, दुसरी दोन अक्षरांत उरकती. एक जण ट्रंक म्हणतो तेव्हा त्याला एका वायरीतून जाणारे पुष्कळ गिऱ्हाईक म्हणायचे असतात, आन दुसरा ट्रंक म्हणतो तेव्हा चार वायरी एकत्र बांधलेल्या. शब्द एकच, काम वेगळं. अन् त्याच्यावर कहर म्हणजे, एका कंपनीच्या पेटीत पयलं भोक एक नंबरचं, तर दुसरीच्या पेटीत पयलं भोक शून्य नंबरचं. अरे, शून्य नंबरचं घर कुणी पाहिलंय का? पण शिवकन्येला हे सगळं पाठ. पुण्याहून फोन आला की ती पयलं विचारायची, "सर, कोणत्या पेटीच्या हिशोबानं म्हणून राहिले?" पलीकडचे लोक वैतागायचे. मला तर ऐकूनच मजा यायची.

तिची कामाची एक रीत होती. ती तिनं घरून आणलेली. पुंजाजीच्या लोकांत मेंढरू दुसऱ्याच्या हवाली करताना त्याच्या पाठीवर हात ठेवून ते कोणाचं हे मोठ्यानं सांगतात, आन घेणारा "व्हय" म्हणला की मगच हात काढतात. मागून भांडण नको म्हणून. शिवकन्या वायरीचं तसंच करायची. वायरीवर बोट ठेवायची, म्हणायची, "ही रक्तपेढीची. राधिकाताईची." मी "व्हय" म्हणलो की मग उपटायची. पयल्यांदा मला हसू आलं होतं. पण सहा वर्षांत तिच्या हातून चुकीची वायर निघाली न्हाई, एकदा बी न्हाई. मग मीच बॅटऱ्यांचं काम तसं करायला लागलो.

दुसरं म्हणजे, पेटीच्या आत दर पोर्टापुढं दोन शब्द लिहायला जागा असती. तिथं तिनं माणसं लिहून ठेवली होती. इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या भाषेत. आठव्या पोर्टापुढं लिहिलेलं, 'रक्तपेढी, राधिकाताई, बंद करण्याआधी फोन करा.' का, तर आकडा बंद करताना कोणाचा हात कापत न्हाई, माणूस बंद करताना कापतो. हे तिचे शब्द.

मागच्या साली आमच्यावर विश्वंभर साहेब मॅनेजर म्हणून आले. बसायचे पुण्याला, इथं महिन्यातून एकदा पांढऱ्या गाडीतून. त्यांनी ही नावं पाहिली आन खी खी हसले. "राधिकाताई? हे काय, भिशीचं मंडळ आहे का?" म्हणले. "सगळं काढा. स्टँडर्ड नाव हवं. ग्राहक सात, ग्राहक आठ." शिवकन्या म्हणली, "सर, नंबर बदलत्यात. माणूस बदलत न्हाई." साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चार दिवसांनी पुण्याहूनच सगळी नावं पुसली गेली. पेटीचा पासवर्ड बी तिच्याकडून काढून घेतला, तो बी पुण्याला. म्हणजे राबायचं हिनं आन किल्ल्या त्यांच्याकडं!

मग जुन्या पेटीच्या जागी नवी आली, दुसऱ्या कंपनीची. शून्यापासून मोजणारी. जुन्या पेटीतली माहिती नवीत उतरवायचं काम एका यंत्रानंच केलं, ते बराबर झालं. शिवकन्येनं सकाळी आठपासून एकेक वायर बोट ठेवून, नाव घेऊन, जुनीतून नवीत लावली. मी "व्हय, व्हय" म्हणून घसा कोरडा केला. साडेदहाला सगळे दिवे हिरवे. जुनी पेटी संध्याकाळपर्यंत चालूच ठेवायची असं ठरलं होतं, म्हणून ती त्याच कपाटात खाली गुणगुण करत होती.

राहिलं होतं एकच काम, ते पुण्यातून व्हायचं. एक बियाण्याची कंपनी आमाला सोडून गेली होती, तिचा पोर्ट बंद करायचा होता. तिची वायर सातव्या भोकात. आठव्यात रक्तपेढी. बंद करणार होता शिवप्रसाद. हा शिवप्रसाद कोण? तर आपल्याच शिरड शहापूरचा. तिथं शिकला, तिथं वाढला, पुण्यात तीन वर्षं काय राहिला, आता फोनवर म्हणतो, "तिकडच्या लोकांना प्रोसेस समजत नाही." तिकडच्या! अरे, तुझी आई अजून तिकडंच राहती ना रे बाबा!

त्याच्याकडं जो तक्ता होता तो जुन्या पेटीच्या मोजणीचा. त्यात लिहिलेलं, पोर्ट सात बंद करणे. पण नव्या पेटीत सातव्या भोकाचं नाव सहा, आन सात म्हणजे आठवं भोक, रक्तपेढीचं. शिवकन्येच्या ते आदल्या दिवशीच ध्यानात आलं. तिनं कामाच्या ग्रुपवर साफ लिहून टाकलं, "नवीन पेटीत मोजणी शून्यापासून आहे. तक्त्यातले नंबर जुने आहेत. बंद करण्याआधी एक कमी करा." माझ्यासमोर लिहिलं. शिवप्रसादनं त्याच्यावर अंगठा टाकला. पिवळा अंगठा. वाचला का न्हाई, ते त्याचं त्यालाच माहीत.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आठव्या भोकाचा हिरवा दिवा विझला.

दोन मिनिटांत राधिकाताईचा फोन. ती रक्तपेढीत काम करती. शिवकन्येनं फोन मोठ्या आवाजावर टाकला, कारण हातात तिच्या वायरीचं जुडगं होतं. राधिकाताई म्हणली, "शिवे, काय केलंस? कॉम्प्युटर बंद पडलाय. पिशव्यांची तपासणीच दिसंना. सेनगावाहून माणूस आलाय, सुनेला रक्तस्राव चालू आहे. मी त्याला पिशवी कशी देऊ?" मागं एक म्हातारा आवाज नुसता "ताई, ओ ताई, लवकर करा" म्हणून राहिला होता. तातेराव नावाचे गृहस्थ होते ते, मागून कळलं. बर्फाचा डबा हातात धरून उभे.

शिवकन्येनं शिवप्रसादला फोन लावला. उचलला न्हाई. परत लावला. न्हाई. आठ वेळा लावला, मी मोजून राहिलो होतो. विश्वंभर साहेबांना लावला, ते मीटिंगमधी. अकरा चाळीसला शिवप्रसादनं उचलला. म्हणतो कसा, "आमच्याकडं सगळं व्यवस्थित दिसतंय. तू काहीतरी हलवलं असशील."

"सर, तुमी सात बंद केला. सात म्हणजे रक्तपेढी. उघडा त्यो."

"सात बंदच ठेवायचा आहे. शीटमध्ये आहे."

"सर, शीट जुन्या मोजणीचं आहे, मी काल लिवलं होतं. पेशंट आहे सर तिकडं."

"मी चेक करतो. तोपर्यंत काही हलवू नकोस. परवानगीशिवाय वायरला हात लावायचा नाही." आन फोन ठेवला.

चेक करतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, "पोरी, आता काय करायचं?" तिनं आठव्या भोकातल्या वायरीवर बोट ठेवलं आन म्हणली, "ही रक्तपेढीची. राधिकाताईची. जुन्या पेटीत घालून राहिले." मी म्हणलं, "व्हय." तिनं वायर उपटली आन खालच्या जुन्या पेटीच्या आठव्या भोकात खुपसली. अकरा बावन्नला हिरवा दिवा लागला. शिवकन्येनं राधिकाताईला फोन लावला, ती पलीकडून ओरडली, "आलं गं आलं!" तातेराव डबा घेऊन जीपकडं पळाले. त्यांची सून वाचली. डॉक्टर म्हणले म्हणे, अजून अर्धा तास लागला असता तर आपण काही सांगू शकत नव्हतो.

मला वाटलं, आता पोरीचा सत्कार होईल. शाल-नारळ नको, पण चांगलं केलंस म्हणून एक फोन तरी! काय आलं? तिसऱ्या दिवशी कागद आला. 'कुमारी शिवकन्या पुंजाजी, राहणार कनेरगाव नाका परिसर, या कंत्राटी कर्मचारिणीने परवानगीशिवाय वायर हलवल्यामुळे रक्तपेढीची सेवा सत्तेचाळीस मिनिटे बंद राहिली.' खाली सहीसाठी रेघ. म्हणजे जिनं चालू केलं तिनंच बंद केलं! सही केली तर ताकीद, न्हाई केली तर महिनाअखेर घरी. आन हा कागद आमच्याकडंच राहणारा नव्हता. तो कंत्राटदाराच्या फायलीत जातो. तिला पुढं नोकरी कोणत्या बी शहरात मागायची म्हणली, तरी कंत्राटदाराला विचारतात. बाईनं रक्तपेढी बंद पाडली, एवढं कळलं की पुढं कोणी विचारणार न्हाई. सहा वर्षांची मेहनत एका रेघेखाली मातीत.

तिनं सही केली न्हाई. म्हणली, "साहेबांना इथं बोलवा. पेटीसमोर बोलू."

आले, दोघं बी आले. विश्वंभर साहेब आन शिवप्रसाद. शिवप्रसाद माझ्याकडं पाहून हसला, "काय काका, ओळखलं का?" मी म्हणलं, ओळखलं. त्यानं विचारलं, "हिनं आधी सिस्टीममध्ये तिकीट का काढलं नाही, रीतसर नोंद का केली नाही? ग्रुपवरचा मेसेज म्हणजे अधिकृत सूचना नव्हे." बघा, आता! अंगठा टाकायला ग्रुप चालतो, जबाबदारी आली की चालत न्हाई.

शिवकन्या वाद घालत बसली न्हाई. म्हणली, "सर, तुमी बंद केलेला सात नंबरचा पोर्ट मला बोटानं दाखवा."

शिवप्रसाद पेटीपुढं वाकला. डावीकडून मोजायला लागला. एक, दोन, तीन. मोठ्यानं मोजून राहिला होता. सातवर त्यानं बोट टेकवलं.

"ती बियाण्याच्या कंपनीची वायर आहे," शिवकन्या म्हणली. "तिचा दिवा बघा, अजून हिरवा आहे. ती बंदच झाली न्हाई. तुमी बंद केला त्यो शेजारचा. पेटीला विचारा."

विश्वंभर साहेबांनी लॅपटॉप उघडला. पेटी सगळं लिहून ठेवती, कोणी काय केलं, किती वाजता. अकरा वाजून पाच मिनिटं, शिवप्रसादच्या नावानं, पोर्ट सात बंद. हात तोंडावर ठेवून साहेब पाहतच राहिले. शिवप्रसादचं बोट अजून भोकावरच होतं. त्याला ते काढायचं बी सुचंना. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! खाली जाऊन मी गेटवाल्याला चहा पाजला, ज्यानं तिला झाडू दाखवला होता त्यालाच.

पण मी येडा. मला वाटलं, सुटली पोरगी. दोन तासांनी साहेबांनी आमाला दोघांना खाली ऑफिसात बोलावलं. टेबलावर नवा कागद. 'तांत्रिक कारणामुळे सेवा काही काळ खंडित झाली. स्थानिक कर्मचाऱ्यांनी ती पूर्ववत केली.' झालं. एवढंच. खाली दोन रेघा, एक शिवकन्येची, एक साक्षीदाराची.

शिवकन्येनं तो दोनदा वाचला. म्हणली, "सर, बंद कोणी केलं ते याच्यात न्हाई."

"व्यक्तीचं नाव लिहायची पद्धत नाही."

"मग पयल्या कागदावर माझं काहून लिवलं? माझं लिवलं, बापाचं लिवलं, गाव लिवलं. सरांचं नाव काय जड आहे का?"

साहेब म्हणले, "ते अंतर्गत होतं. बघू त्याचं."

"पयला कागद माघारी घेतला असं याच्यातच लिवून द्या, लगेच सही करते."

"ते माझ्या हातात नाही. तो कंत्राटदाराकडं गेलेला आहे."

हातात न्हाई! पाठवायला हात होते, आणायला न्हाईत! शिवप्रसाद खिडकीतून बाहेर पाहून राहिला होता. चूक पोरीची होती तोवर चुकीला नाव होतं, गाव होतं, बाप होता. साहेबाच्या माणसाची निघाली तर लगेच ती बेवारस झाली, तांत्रिक झाली! शिवकन्येनं कागद टेबलावर सरळ ठेवला, पेन त्याच्यावर ठेवलं, आन दोन पावलं मागं झाली. म्हणली, "खोट्यावर बी सही केली न्हाई, अर्ध्यावर बी करणार न्हाई."

मग साहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला. "काका, तुम्ही साक्षीदार. यात खोटं तर काही नाही ना? सेवा खंडित झाली होती, पूर्ववत झाली. एवढंच आहे."

आता हे मी इथपर्यंत रागानं सांगितलं, ह्याला शिव्या दिल्या, त्याला दिल्या. पुढचं बी सांगावं लागेल. माझ्या नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. साहेब माझ्याकडं पाहून राहिले होते. मी मनात म्हणलं, खोटं तर काही लिवलं न्हाई. आन मी सही केली. माऊली, असं लिहिलं, तारीख टाकली. माझा हात बिलकूल अडखळला न्हाई, हे मला आजबी खुपतं. शिवकन्येनं माझ्याकडं पाहिलं सुद्धा न्हाई.

साक्षीदाराची सही झाली म्हणल्यावर कागदाचं काम भागलं. तिची रेघ कोरीच गेली, कोणी विचारलं बी न्हाई. महिनाअखेर तिचं कार्ड बंद झालं. तिच्या जागी कोणी आलं न्हाई. आता पुण्याहून फोन येतो आन सांगतात, काका, जरा अमुक नंबरची वायर काढा. मी काढतो.

मागच्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. नाशिकला एका कंपनीत तिची मुलाखत झाली होती, काम त्यांना पसंत होतं. पण कंत्राटदारानं त्यांना तोच पयला कागद धाडला. तिनं त्यांना सगळी हकिगत सांगितली. ते म्हणले, कोणी पाहणारा असेल तर त्याच्याकडून लिहून आणा.

"काका," ती म्हणली, "तुमी तर तिथंच होते. सात नंबर कोणी बंद केला, एवढं दोन ओळीत लिवून द्या."

मी म्हणलं, "देतो की." मग माझ्याच तोंडून निघालं, "पण पोरी, मी त्या कागदावर सही केलीय. त्याच्यात तांत्रिक कारण लिवलंय. आता मी दुसरं लिवून दिलं तर माझं कोणतं खरं धरतील?"

पाठीमागं तिच्याकडं मेंढरं ओरडून राहिली होती. मी म्हणलं, "हॅलो? पोरी?"

"व्हय काका, बराबर आहे तुमचं," ती म्हणली. "ऱ्हाऊ द्या. बीपीची गोळी येळेवर घेत जा." आन तिनं फोन ठेवला.